लांब ब्लॉकचा एफएमआरआय प्रयोग आखताना: स्कॅनर बुक करण्याआधी करायची कामं

मेंदूच्या इमेजिंगमध्ये नव्यानं येणारे बरेच जण असा प्रश्न घेऊन येतात, ज्याचं उत्तर दहा-वीस सेकंदांत मिळणं कठीण असतं. ध्यान, दीर्घ वेदना, उदास मनःस्थिती, औषधाचा परिणाम, तासभर टिकवायची एकाग्रता. साहजिकच पहिला आराखडा असा येतो: पाच मिनिटं टास्क, पाच मिनिटं विश्रांती (असा प्रत्येक सलग तुकडा म्हणजे एक ब्लॉक), मग दोन्हींची वजाबाकी. कागदावर हे सरळ दिसतं. बोल्ड एफएमआरआयमध्ये (रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून मेंदूची क्रिया टिपणाऱ्या इमेजिंगमध्ये) मात्र यातून हाती जवळपास काहीच लागत नाही, आणि कोणतंही सॉफ्टवेअर तुम्हाला तसं ओरडून सांगत नाही. ते निमूटपणे रंगीत नकाशा काढून देतं. म्हणून ही सगळी आखणी पहिला सहभागी स्कॅनरमध्ये जाण्याआधी झाली पाहिजे.

पूर्ण लेखभर एकच उदाहरण घेतो. समजा तुम्हाला नामजपाचा अभ्यास करायचा आहे: मनातल्या मनात नाम घेताना मेंदूत काय होतं? वारकरी घरांतली, रोज जप करणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत, आणि हा प्रश्न मनापासून विचारण्यासारखा आहे. म्हणूनच तो नीट आखला जावा असं मला वाटतं.

आधी लांब ब्लॉक का चालत नाही ते समजून घ्या

बोल्ड सिग्नल चेतापेशींची क्रिया थेट मोजत नाही. क्रिया वाढली की त्या भागात रक्त जास्त येतं, ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण बदलतं, आणि त्यामुळे चुंबकीय सिग्नलमध्ये बारीकसा फरक पडतो. क्षणभराच्या क्रियेनंतर हा प्रतिसाद साधारण ५ ते ६ सेकंदांनी शिखर गाठतो, मग खाली येतो, मूळ पातळीच्याही थोडा खाली जातो आणि २०-३० सेकंदांत स्थिरावतो. विचार करण्याच्या टास्कमध्ये मिळणारा बदल बहुधा एका टक्क्याहून कमी असतो.

याच सिग्नलमध्ये मंद सरक असते, तिला सगळे ड्रिफ्ट म्हणतात. स्कॅनरच्या ग्रेडियंट कॉइल, म्हणजे चित्र घेताना चुंबकीय क्षेत्र झटपट बदलणाऱ्या तारांच्या गुंडाळ्या, चालून चालून तापतात, क्षेत्र एकसारखं ठेवणारं आसपासचं लोखंडी शिमही तापतं, आणि चुंबकीय क्षेत्र किंचित बदलतं. डोकं उशीत हळूहळू रुतत जातं. श्वासाची लय मिनिटामिनिटाला बदलते. १९९९ मध्ये स्मिथ आणि सहकाऱ्यांनी हा ड्रिफ्ट मृतदेहांच्या मेंदूतही मोजून दाखवला. जिथे श्वास नाही, विचार नाही, तिथेही सिग्नल सरकत होता, म्हणजे त्यातला मोठा वाटा यंत्राचाच. त्याआधी १९९७ मध्ये झरान, अगिरे आणि डी'एस्पोझिटो यांनी टास्कच नसलेल्या डेटात नॉइजचा, म्हणजे नको असलेल्या चढउतारांचा, वर्णपट तपासला होता: कोणत्या वारंवारतेला किती नॉइज आहे. वारंवारता जितकी कमी, तितका नॉइज जास्त. अशा नॉइजला १/f नॉइज म्हणतात.

आता दोन्ही एकत्र ठेवून बघा. गवयाच्या मागे तानपुऱ्याची तार हळूहळू उतरत असेल आणि गवई दर काही क्षणांनी षड्जावर येत असेल, तर स्वर गवयाचा हलला की तारेचा, हे कानाला कळतं. तो दहा मिनिटांनी एकदाच षड्जावर आला, तर सांगता येत नाही. पाच मिनिटांच्या ब्लॉकचं नेमकं असंच होतं. तुम्हाला हवा असलेला बदल आणि यंत्राचा ड्रिफ्ट एकाच गतीनं चालतात. त्यांना वेगळं करणारी कोणतीही संख्याशास्त्रीय युक्ती नाही, कारण वेगळं करायला काही उरलेलंच नसतं.

चक्रकाळ काढा आणि फिल्टरशी ताडून पाहा

ड्रिफ्ट काढण्यासाठी विश्लेषणात हाय-पास फिल्टर लावतात: ठराविक काळापेक्षा मंद असलेलं सगळं टाकून द्यायचं. विश्लेषणाच्या प्रचलित सॉफ्टवेअरपैकी एसपीएममध्ये ही सीमा मुळात १२८ सेकंद असते, एफएसएलमध्ये १०० सेकंद, आणि पायथनच्या नायलर्नमध्ये ०.०१ हर्ट्झ, म्हणजे तेही १०० सेकंदच. हे आकडे पाठ असू द्या. पुढचं सगळं गणित यांच्याशी आहे.

चक्रकाळ म्हणजे एकच टास्क पुन्हा सुरू व्हायला लागणारा वेळ. पाच मिनिटं जप आणि पाच मिनिटं विश्रांती म्हणजे ६०० सेकंद. टास्क चालू-बंद होण्याचा आलेख म्हणजे चौकोनी लहर, आणि अशा लहरीची ताकद कुठे कुठे विभागलेली असते, हे गणितानं ठरलेलं आहे: ८१ टक्के मूळ वारंवारतेत, साधारण ९ टक्के तिच्या तिप्पट वारंवारतेत, साडेतीनच्या आत पाचपटीत, आणि बाकी पुढे विखुरलेली. आपल्या आराखड्यात मूळ काळ ६०० सेकंद, तिप्पट वारंवारतेचा २०० सेकंद, पाचपटीचा १२० सेकंद. १२८ सेकंदांच्या फिल्टरनं पहिले दोन्ही गेले. म्हणजे दहातले नऊ भाग सिग्नल तुम्ही स्वतःच्या हातानं पुसलात. उरलेला भाग प्रामुख्यानं ब्लॉक बदलतानाच्या क्षणांचा आहे, आणि ते क्षण जपाबद्दल फारसं सांगत नाहीत.

इथे हमखास सुचवलं जाणारं उत्तर म्हणजे "मग फिल्टर बंद करू." तसं करू नका. फिल्टर काढला की सिग्नल वाचतो हे खरं, पण ड्रिफ्टही पूर्ण वाचतो, आणि तुमचा मंद रिग्रेसर, म्हणजे टास्कमुळे अपेक्षित असलेला सिग्नल मॉडेलमध्ये दाखवणारी लहर, त्या ड्रिफ्टवर आनंदानं बसतो. नकाशावर सुंदर ठिपके येतात. मेंदूबाहेर, कवटीच्या कडेला आणि डोळ्यांतही ते दिसायला लागले की समजावं काय झालंय. सीमा थोडी वाढवता येते. पूर्ण चक्रकाळापेक्षा ती मोठी हवीच, दीडपट ते दुप्पट असली तर उत्तम. पण २०० सेकंदांच्या वर सरकवायची वेळ आली, की फिल्टर तसाच ठेवून आराखड्याकडे परत यावं.

बोल्डसाठी सगळ्यात फायद्याचा ब्लॉक १५ ते २० सेकंदांचा असतो. त्याहून छोटा घेतला तर रक्तप्रवाहाचा प्रतिसाद नीट वर चढत नाही, मोठा घेतला तर ड्रिफ्टच्या पट्ट्यात घुसतो. ३० सेकंदही चांगलेच, ४० चालतात, ६० ला काळजी सुरू होते. हे दोन स्थितींचं, म्हणजे टास्क आणि विश्रांती एवढ्याचं, झालं. स्थिती वाढल्या की चक्र लांबतं, आणि नवखे बहुतेक वेळा इथेच फसतात. प्रत्येक ब्लॉक ३० सेकंदांचाच आहे असं म्हणून ते निश्चिंत असतात, पण सहा स्थिती असतील तर तीच स्थिती १८० सेकंदांनी परत येते. मोजायचा आहे तो पुन्हा येण्याचा काळ, एका ब्लॉकची लांबी नव्हे. आणि तुलना ज्या दोन स्थितींची करायची, त्या रनमध्ये (एका सलग स्कॅनमध्ये) शेजारी-शेजारी असायला हव्यात.

याला जोडून एक कडक नियम: जप एका रनमध्ये आणि विश्रांती दुसऱ्या रनमध्ये, असं कधीही करू नका. बोल्डला स्वतःचं एकक नाही. प्रत्येक रनची सरासरी पातळी वेगळी असते, आणि मॉडेलमधला त्या रनचा स्थिरांक ती गिळून टाकतो. तुमचा सगळा परिणाम त्या स्थिरांकात जातो. प्रत्येक रनमध्ये प्रत्येक स्थिती असलीच पाहिजे.

टास्क खरंच लांब हवा आहे का, हे स्वतःला विचारा

पीईटीच्या, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून करायच्या जुन्या इमेजिंगच्या, काळातून आलेली सवय अजून प्रयोगशाळांतून फिरते. तिथे ऑक्सिजन-१५ असलेलं पाणी टोचायचे, त्याचं अर्धआयुष्य जेमतेम दोन मिनिटं, आणि एक स्कॅन म्हणजे एकच स्थिती. एफएमआरआयला तो नियम लागू नाही. पुष्कळदा पाच मिनिटं ही फक्त सवयीनं किंवा "नीट अनुभव यायला हवा" या भावनेनं ठरवलेली असतात.

जपाच्या बाबतीत प्रश्नाचे खरं तर दोन तुकडे पडतात. एक: नाम मनात उच्चारण्याच्या क्रियेत मेंदूचे कोणते भाग काम करतात? ही क्रिया दोन सेकंदांत सुरू होते आणि सूचना मिळाली की थांबते. तिला ३० सेकंदांचा ब्लॉक पुरेसा आहे. दोन: जप करता करता मन निवतं, ती अवस्था काय असते? नेमानं जप करणारी कोणतीही व्यक्ती सांगेल की ती अर्ध्या मिनिटात येत नाही, आणि आल्यावर विश्रांतीची सूचना दिली म्हणून जातही नाही. या दुसऱ्या प्रश्नाला ब्लॉक आराखडा मुळातच लागू पडत नाही. दोन्हीं प्रश्नांना एकाच आराखड्यात कोंबलं की दोन्हींची उत्तरं बिघडतात. मला तुम्ही कोणता प्रश्न निवडता याचं काही नाही, पण एक निवडा आणि तो एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा.

पहिला मार्ग: छोटे ब्लॉक, पण नीट बांधलेले

पहिला प्रश्न घेतला, तर माझा आराखडा असा असेल. तीन स्थिती: जप, मनातल्या मनात मोजणी, आणि डोळे उघडे ठेवून अधिकच्या चिन्हाकडे पाहणं (हीच विश्रांती). प्रत्येकी ३० सेकंद, चक्र ९० सेकंदांचं. एका रनमध्ये ६ चक्रं म्हणजे ५४० सेकंद, सुरुवातीला आणि शेवटी थोडी मोकळी जागा धरून साडेनऊ मिनिटं. असे तीन रन. प्रत्येक स्थितीचे १८ ब्लॉक हातात येतात, आणि माणूस स्कॅनरमध्ये सुमारे पाऊण तासात मोकळा होतो.

मोजणी कशासाठी? जप आणि विश्रांती यांच्यात फक्त नाम हा फरक नसतो. अंतर्गत बोलणं, लय धरणं, लक्ष ठेवणं, सूचना पाळणं, हे सगळं जपात आहे आणि विश्रांतीत नाही. इस्रायलमधल्या एका गटानं २०१५ मध्ये ध्यानाचा सराव नसलेल्या लोकांना हिब्रू भाषेतला 'एक' हा शब्द मनात घोळवायला सांगितला, आणि नुसत्या त्यानंच मेंदूतली क्रिया बऱ्याच भागांत उतरली, विशेषतः डिफॉल्ट मोड नेटवर्कमध्ये, म्हणजे मन मोकळं भटकत असताना जास्त सक्रिय असणाऱ्या भागांत. म्हणजे साधा, अर्थानं कोरडा शब्द घोळवण्याचाही स्वतःचा परिणाम आहे. तुम्हाला नामाबद्दल काही म्हणायचं असेल, तर हा परिणाम वजा करणारी जोडस्थिती लागतेच. तिची लय, अक्षरांची संख्या आणि वेग जपाइतकाच ठेवा.

क्रम ठरवताना थोडं थांबून विचार करा. प्रत्येक चक्रात क्रम यादृच्छिक ठेवला, तर एका चक्रात जप पहिला आणि पुढच्या चक्रात शेवटचा येऊ शकतो. दोन जपांच्या सुरुवातींमध्ये मग १५० सेकंदांचं अंतर पडतं आणि त्या पट्ट्यातला सिग्नल फिल्टर खातो. उलट, जप चक्राच्या शेवटी आणि लगेच पुढच्या चक्राच्या सुरुवातीला आला, तर ३० चा ब्लॉक आपोआप ६० चा होतो. मला आवडणारा तोडगा असा: एका रनपुरता क्रम पक्का, आणि रन बदलला की क्रम उलटा. एका रनमध्ये जपानंतर मोजणी, दुसऱ्यात जपानंतर विश्रांती. तिसऱ्या रनचा क्रम अर्ध्या सहभागींना एक, अर्ध्यांना दुसरा. जपाचा रेंगाळणारा परिणाम अशानं कोणा एकाच स्थितीच्या पदरात पडत नाही.

सूचनेचा पडदा २ सेकंदांचा ठेवा आणि त्याचा वेगळा रिग्रेसर करा. ब्लॉकच्या सुरुवातीला आणि शेवटाला मेंदू स्वतंत्र प्रतिसाद देतो, हे फॉक्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं आहे. टास्क काहीही असो, बदलाची चाहूल मेंदू नोंदवतो. ही लाट वेगळी मॉडेल केली नाही, तर ती जपाच्या खात्यात जमा होते.

दुसरा मार्ग: अवस्थाच लांब असेल तर मोजण्याची पद्धत बदला

दुसरा प्रश्न घेतला असेल, तर बोल्ड सोडून एएसएलचा (आर्टेरियल स्पिन लेबलिंगचा) विचार करा. यात मानेतल्या धमन्यांमधल्या रक्तातल्या पाण्यावर चुंबकीय खूण करतात, ते मेंदूत पोचेपर्यंत थांबतात आणि चित्र घेतात. मग खूण न करता दुसरं चित्र. दोन्हींची वजाबाकी म्हणजे रक्तप्रवाह. चित्रं एकापाठोपाठ घेतलेली असल्यामुळे मंद ड्रिफ्ट दोन्हींत सारखाच असतो आणि वजाबाकीत जातो. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटानं हे टोकापर्यंत नेऊन पाहिलं: टास्क आणि विश्रांतीमध्ये चोवीस तासांचं अंतर ठेवलं, तरी हालचालीच्या साध्या टास्कचा परिणाम एएसएलमध्ये टिकला. शिवाय इथे खरं एकक आहे, १०० ग्रॅम ऊतीमागे मिनिटाला किती मिलिलिटर रक्त. त्यामुळे वेगळ्या रनची, अगदी वेगळ्या दिवसांची तुलनाही करता येते.

याची किंमतही आहे. एएसएलचा सिग्नल मूळ चित्राच्या साधारण एक टक्का असतो, म्हणून भरपूर जोड्या घेऊन सरासरी काढावी लागते. प्रौढ निरोगी सहभागींसाठी २०१५ च्या सर्वसंमत शिफारशीत खूण करण्याचा काळ १.८ सेकंद आणि त्यानंतरची प्रतीक्षाही १.८ सेकंद आहे. एका चित्राला चार-साडेचार सेकंद लागतात. चार धरले तर एक जोडी ८ सेकंदांची, आणि सहा मिनिटांत ४५ जोड्या. अवस्थेच्या तुलनेसाठी ही बऱ्यापैकी शिदोरी आहे. आराखडा मग असा होतो: सहा मिनिटं विश्रांती, सहा मिनिटं मोजणी, मग दहा मिनिटं जप चालू ठेवून त्यातली शेवटची सहा मोजायची. जप शेवटीच ठेवा, कारण त्याची अवस्था रेंगाळते. आणि "शेवटी असल्यामुळे दमणूक" हा आक्षेप खोडायला दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचं दुसरं सत्र घ्या, ज्यात जपाच्या जागी मोजणीच लांब चालेल.

एएसएल शक्य नसेल तर बाकीचे रस्ते आहेत, ते थोडक्यात सांगतो. बहु-प्रतिध्वनी, म्हणजे मल्टी-एको, बोल्ड घेतलं (प्रत्येक वेळी एकाऐवजी अनेक प्रतिध्वनींना सिग्नल टिपला) तर रक्तातल्या ऑक्सिजनमुळे झालेला बदल आणि यंत्राचा ड्रिफ्ट प्रतिध्वनीच्या काळानुसार वेगळे वागतात. २०१५ मध्ये इव्हान्स, कुंडू आणि सहकाऱ्यांनी या फरकाच्या आधारे मंद बोल्ड बदल ड्रिफ्टपासून वेगळे करून दाखवले. लांब ब्लॉकच्या आत भागांमधली सुसंगती, म्हणजे कनेक्टिव्हिटी, पाहता येते. तिला सरासरी पातळीशी देणंघेणं नसतं, त्यामुळे ड्रिफ्टचा फटका बराच कमी बसतो. मिश्र आराखड्यात लांब ब्लॉकच्या आत अनियमित अंतरानं छोट्या घटना पेरतात, म्हणजे टिकून राहणारी क्रिया आणि क्षणिक प्रतिसाद वेगवेगळे काढता येतात. मात्र त्यात घटनेच्या प्रतिसादाचा आकार आधीच गृहीत धरला आणि तो चुकला, तर उरलेला भाग टिकाऊ क्रियेच्या रिग्रेसरमध्ये झिरपतो. म्हणून तिथे आकार मोकळा ठेवणारं एफआयआर मॉडेल वापरतात. पहिल्याच प्रयोगात मी कोणाला मिश्र आराखडा सुचवणार नाही.

श्वास मोजा. खरंच मोजा

जपाच्या, ध्यानाच्या आणि भावनेच्या प्रत्येक प्रयोगात मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या बर्नार्डी यांच्या अभ्यासात जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि योगातला मंत्र म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत खाली आला होता. श्वास मंदावला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड बदलू शकतो, आणि कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात. रक्तप्रवाह सगळीकडे वाढतो, बोल्डही वाढतो. चेतापेशींनी काहीही वेगळं केलेलं नसताना तुम्हाला जपाचा भलामोठा परिणाम दिसेल. एएसएलमध्ये तर हा धोका आणखी थेट आहे, कारण तिथे मोजतो तो रक्तप्रवाहच.

त्यासाठी छातीला श्वासाचा पट्टा आणि बोटाला पल्स ऑक्सिमीटर, दोन्ही लावा. हे बहुतेक स्कॅनरसोबतच असतात आणि बहुतेक ठिकाणी कपाटात पडून असतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड नळीनं मोजायची सोय असेल तर तीही वापरा. मोजणीच्या स्थितीत श्वासाची लय जपासारखीच राहील असा वेग बसवा, आणि स्कॅनरबाहेर तो आधी पडताळून पाहा. चहाची वेळही विचारा. कॅफिननं मेंदूचा रक्तप्रवाह चांगलाच घटतो, आणि आपल्याकडे दवाखान्यात किंवा संस्थेत आलेला माणूस बाहेरच्या टपरीवर एक कटिंग घेऊनच आत येतो. सगळ्यांनी किती तास आधी चहा बंद करायचा, हे बोलावतानाच सांगा.

झोपेचं तसंच. विश्रांतीच्या स्कॅनमध्ये तीन मिनिटांच्या आत साधारण एक तृतीयांश सहभागी जागेपण टिकवू शकत नाहीत, असं ताग्लियाझुक्की आणि लाउफ्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं. लांब, एकसुरी, मनातल्या मनात करायच्या टास्कलाही हा धोका असतोच. डोळ्यांवर कॅमेरा ठेवा, ब्लॉक संपल्यावर "जागे होतात का, मन किती लागलं" असा एक-दोन प्रश्नांचा बटणाचा प्रतिसाद घ्या, आणि विश्रांतीत डोळे उघडेच ठेवायला सांगा.

स्कॅनर बुक करण्याआधी संगणकावर प्रयोग करा

याला एक दुपार लागते आणि महिने वाचतात. प्रत्येक स्थितीसाठी शून्य-एकची चौकोनी लहर काढा. तिचं रक्तप्रवाहाच्या प्रतिसादाशी कॉन्व्होल्यूशन करा, म्हणजे लहरीच्या प्रत्येक क्षणाचा प्रतिसाद मांडून सगळ्यांची बेरीज करा. त्यावर तुम्ही खरोखर वापरणार तोच हाय-पास फिल्टर लावा. मग फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा विचलनवर्ग (व्हेरियन्स) ताडून पाहा: किती टक्के सिग्नल वाचला? हे काम नायलर्नमध्ये काही ओळींत होतं, एसपीएममध्ये डिझाइन मॅट्रिक्स, म्हणजे सगळ्या रिग्रेसरचा तक्ता, काढून होतं. ६०० सेकंदांच्या रनला १२८ चा फिल्टर लावला की एसपीएम ९ मंद कोसाइन लहरी डेटातून काढतं. त्या लहरी कागदावर काढून तुमच्या रिग्रेसरशेजारी ठेवा. एखादी लहर तुमच्या टास्कसारखी दिसत असेल, तर उत्तर मिळालं.

मग एक पाऊल पुढे जा. सार्वजनिक संग्रहातून विश्रांतीचा एखादा डेटा घ्या, म्हणजे ज्यात टास्कच नव्हता, आणि त्यावर तुमचा आराखडा लावा. नकाशा रिकामा यायला हवा. २०१६ मध्ये एक्लुंड आणि सहकाऱ्यांनी याच रीतीनं, विश्रांतीच्या डेटावर खोटे टास्क लावून, प्रचलित क्लस्टर पद्धतींतल्या (शेजारच्या उजळ ठिपक्यांच्या पुंजक्याला एकत्र तपासणाऱ्या पद्धतींतल्या) खोट्या निकालांचं प्रमाण उघडं केलं होतं. तुमच्या आराखड्याची हीच परीक्षा तुम्ही स्वतः घ्या, कोणी परीक्षक घेण्याआधी.

एक खाचखळगा एफएमआरआयप्रेप, म्हणजे विश्लेषणाआधी डेटा तयार करून देणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांसाठी. ते सॉफ्टवेअर मुळात १२८ सेकंदांच्या हिशेबानं कोसाइन रिग्रेसर तयार करून देतं, आणि त्याचे कॉम्पकॉर घटक (नॉइज वजा करण्यासाठीचे रिग्रेसर) फिल्टर झालेल्या डेटावर काढलेले असतात. ते घटक मॉडेलमध्ये घेतले तर ते कोसाइनही घ्या, आणि मग नायलर्नचा किंवा एसपीएमचा स्वतःचा फिल्टर बंद ठेवा. दोनदा फिल्टर झालेल्या डेटाचं काय करायचं हे कोणालाच नंतर सुचत नाही.

स्कॅनच्या दिवसाची तयारी

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संमतिपत्र सहभागीला समजेल अशा भाषेत हवं. मराठी माणसासाठी ते मराठीत लिहा, आणि इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेलं नको. एखाद्या आजींना मोठ्यानं वाचून दाखवा. कुठे अडखळल्या ते वाक्य बदला.

धातूचा विषय फोनवरच काढा. मंगळसूत्र, जोडवी, नथ, बांगड्या, आकडे, साडीला लावलेली सेफ्टी पिन, जरीचे काठ. हे सगळं बाहेर ठेवावं लागणार आहे, आणि ऐन वेळी "मंगळसूत्र काढा" असं अनोळखी माणसानं सांगणं अनेक बायकांना दुखावतं. आधी सांगितलं, घरच्या माणसाकडे ते द्यायची सोय केली, कपडे बदलायला नीट जागा दिली, की कोणी नाही म्हणत नाही. जपाच्या प्रयोगात तुळशीची माळ आणणारे असतातच. मणी लाकडी असले तरी ओवायला तार वापरलेली असू शकते, म्हणून माळ आत नको. शिवाय मणी ओढताना बोटं हलतात, आणि मग नकाशावर बोटांच्या हालचालीचा भाग उजळतो.

पडद्यावरच्या मराठी सूचना सॉफ्टवेअरच्या अक्षरपेटीत टाइप करून भागत नाही. काही प्रोग्राम जोडाक्षरं फोडून दाखवतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. सूचना चित्र म्हणून तयार करा आणि स्कॅनरच्या आरशातून स्वतः वाचून पाहा, कारण काही ठिकाणी पडदा उलटा दिसतो.

पहिला पायलट फँटमवर (चाचणीसाठी माणसाऐवजी ठेवायच्या नमुन्यावर), दुसरा प्रयोगशाळेतल्या कोणावर तरी. स्कॅनरचा ट्रिगर पल्स (चित्र घेताना तो टास्कच्या संगणकाला देतो तो इशारा) आणि टास्कची घड्याळं जुळतात का, रनच्या शेवटी किती मिलिसेकंदांचा फरक पडतो, ते नोंदवा. प्रत्येक ब्लॉकची सुरुवात, कालावधी आणि स्थितीचं नाव बीआयडीएसच्या (मेंदू इमेजिंगचा डेटा मांडण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) इव्हेंट्स फाइलमध्ये सेकंदांत लिहा. आराखड्यात ठरवलेली वेळ तिथे नको, प्रत्यक्ष घडलेली हवी. श्वासाची आणि नाडीची फाइल त्याच दिवशी त्याच फोल्डरमध्ये जाते ना, ते सहभागी कपडे बदलत असतानाच तपासा, कारण बऱ्याच स्कॅनरवर ती आपोआप निर्यात होत नाही आणि काही दिवसांत पुसली जाते.